रजेच्या अर्जातलं रानडुक्कर

रजेच्या अर्जात कारण लिहायला दीड ओळीची जागा होती, आणि त्या दीड ओळीत रानडुक्कर कसं बसवायचं यावर जगन्नाथ घाडी आणि नूरुद्दीन सोलकर सव्वा तास डोकं खाजवत बसले होते. साल दोन हजार. सप्टेंबर संपत आला होता, पण कुवेतचं ऊन हटायला तयार नव्हतं. शुवैखच्या वर्कशॉपमागच्या खोलीत तिसरा चहा झाला तरी अर्ज कोरा तो कोराच होता.

"आजारपण लिही," जगन्नाथ म्हणाला.

"कोणाचं? तुझे थोरले काका आत्तापर्यंत दोनदा वारले. दुसऱ्या वेळी अबू यूसुफने मला बाजूला घेऊन विचारलं, या माणसाला एकूण काका आहेत तरी किती म्हणून."

"मगे लग्न लिही."

"तुझं?"

थोरले काका गावात ठणठणीत होते, आणि लग्नाचं घरात कोणी उरलं नव्हतं.

एसी दुरुस्तीच्या त्या कंपनीत जगन्नाथ नऊ वर्षं होता, त्यातली सहा फोरमन म्हणून. नूरुद्दीन तिथला मंदूब, म्हणजे इकाम्यापासून (राहण्याच्या परवान्यापासून) गाड्यांच्या नोंदणीपर्यंत कंपनीचे सगळे कागद बगलेत मारून सरकारी खिडक्यांपुढे उभा राहणारा माणूस. दोघेही विजयदुर्गच्या खाडीकाठचे, एक अलीकडचा, एक पलीकडचा. गावात राहिले असते तर होडीतून उतरताना 'काय रे, बरा मा?' म्हणण्यापुरती ओळख राहिली असती. कुवेतमध्ये नऊ वर्षं एका खोलीत काढल्यामुळे दोघांत आता नवराबायकोइतकी भांडणं होत. नूरुद्दीन रत्नागिरीला कॉलेजात शिकलेला. तो बोलायचा शुद्ध, पण रागावला की खाडीवर यायचा.

आता घोडं अडलं होतं डुकरापाशी. जगन्नाथाचे गावाला भाताचे पाच कुणगे होते आणि ते त्याची बायको नर्मदा एकटीच्या हिमतीवर करायची. भात पिवळं पडायला लागलं की ऑक्टोबरात रानडुक्कर यायचं आणि खाण्यापेक्षा लोळून जास्त नासाडी करायचं. गेली तीन वर्षं हे चाललं होतं. एसीवाल्यांना रजा मिळणार ती थंडी पडल्यावर, त्यामुळे जगन्नाथ घरी पोचायचा जानेवारीत. तोवर गवताची उडवी रचून झालेली असायची, आणि नर्मदा त्याला बांधावर उभा करून कुठे काय होतं ते दाखवायची. यंदा मात्र तिने फोनवर शांतपणे सांगितलं होतं, "औंदा डुकराचो बंदोबस्त नाय झालो तर फुडच्या वर्सा मी शेत लावचंय नाय. गवत वाढांदे."

नर्मदा एकदा बोलली की बोलली. जगन्नाथाची झोपच उडाली. त्या शेताला चिऱ्याचा बांध घालायचा, विहिरीवर पंप बसवायचा, म्हणून तर तो इथे आला होता. बांध झाला, पंपही बसला. आता शेतच पडीक राहिलं तर नऊ वर्षं दुसऱ्यांची घरं गार करत बसलो ते कशाला?

आणि बंदोबस्त करायचा तर नूरुद्दीन हवा. त्याच्या घरी शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर त्याच्यासारखा नेम कोणाचा नव्हता. पण वाडीला तो आवडायचा तो निराळ्याच कारणासाठी. डुकराच्या शिकारीत वाटे पडतात. हाक्यात, म्हणजे जनावर हुसकताना, ओरडणाऱ्याला एक, बंदुकीला दोन, कुत्र्यांना मिळून एक. बंदूकवाला गावातलाच असला की त्या दोन वाट्यांवरून पार दिवाळीपर्यंत तोंडं वाकडी राहत. नूरुद्दीन एक बार काढायचा, झाडावरच्या माळ्यावरून पलीकडच्या अंगाने उतरायचा, जनावराकडे ढुंकूनही न बघता होडीत बसायचा आणि घरी जाऊन अंघोळ करायचा. त्याचे दोन्ही वाटे वाडीत वाटले जात. असा बंदूकवाला मिळायला भाग्य लागतं असं वाडीतले लोक अजून म्हणत. यंदा सरपंच रविकांतने वनखात्याचा कागदही आणून ठेवला होता.

शिकारीचा आराखडा तर तयारच होता. जगन्नाथाने तो डक्टिंगच्या ड्रॉइंग पेपरवर, स्केल लावून काढला होता. शेत, ओहोळ, काजूची बाग, कुंपणाखालचं दीड फुटाचं भोक, उकरलेले कोपरे, सगळं जागच्या जागी, आणि मधून लाल बाण.

"हाको म्हणजे ब्लोअर," त्याने नूरुद्दीनला समजावलं होतं. "डुकर म्हणजे हवा. तीन बाजू सील केल्यो की हवा जातली खय? चवथ्या तोंडान भायर. थय माळ्यार तू."

"आणि हवा परत फिरली तर?"

"रिटर्न लाइन ठेवूकच नाय."

तेव्हा अडचण एवढीच होती की मालक अबू यूसुफ स्वतः ऑफिसात बसणार असेल तरच या दोघांना एकत्र रजा मिळायची, आणि त्यासाठी त्याला पटेल असं कारण हवं होतं. शेवटी नूरुद्दीनने पेनाचं टोपण काढलं.

"खरं लिहू या. शिकार."

"येडो झालंस? डुकर लिवतलस अर्जात?"

"डुक्कर कोण लिहितंय? नुसतं शिकार. कसली ते अर्जात विचारलेलं नाही. अबू यूसुफ हिवाळ्यात तीन-तीन आठवडे ससाणे घेऊन वाळवंटात बसतो. शिकारी माणूस शिकाऱ्याला नाही म्हणणार नाही."

अंदाज बरोबर होता. जरा जास्तच बरोबर होता.

शनिवारी सकाळी दोघांना आत बोलावणं आलं. अबू यूसुफ पंचावन्नचा, अंगाने भरलेला आणि मनाने दिलदार माणूस होता. खुर्चीमागच्या भिंतीवर मधोमध चौकटीत कुराणातली आयत आणि दोन्ही बाजूंना त्याच्या ससाण्यांचे फोटो. नूरुद्दीनशी तो अरबीत बोलायचा आणि जगन्नाथाशी त्याच्या खास हिंदीत.

"जगन्नाथ. शिकार?"

"यस सर."

"तुम शिकार करता, और मेरे को नौ साल नहीं बोला?" त्याच्या आवाजात राग नव्हता, वाईट वाटलं होतं. "कौन जानवर?"

जगन्नाथाने नूरुद्दीनकडे पाहिलं. नूरुद्दीनने आयतीकडे पाहिलं. कायद्याची भली मोठी कलमं अरबीत घडाघडा म्हणून दाखवणारा हा माणूस, पण त्या जनावराचं नाव त्या खोलीत त्याच्या जिभेवर येईना.

"मोठं जनावर आहे," तो अरबीत म्हणाला. "रात्रीचं शेतात येतं."

"हरीण?"

"हरणाहून जाड."

"शिंगं?"

"शिंगं नाहीत. दात आहेत."

"किती?"

"बाहेर दिसणारे दोन."

"पळतं कसं?"

"सरळ."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, हे नूरुद्दीन पुढे बरेच दिवस अभिमानाने सांगायचा. जगन्नाथाला अरबी कळत नव्हतं, पण आपणही काही हातभार लावावा म्हणून त्याने बगलेतला आराखडा टेबलावर पसरला. अबू यूसुफने चष्मा लावला. बाणांवरून बोट फिरवलं, कुंपणाखालच्या भोकापाशी थांबला, उकरलेल्या कोपऱ्यांवर दोनदा टिचकी मारली. मग दोन्ही अर्जांवर झोकदार सही केली, पेन खिशाला लावलं आणि म्हणाला, "मैं भी आता."

बाहेर आल्यावर जगन्नाथाने नूरुद्दीनची बाही धरली.

"तुका नाय म्हणूक काय झाला?"

"मुदीरला, साहेबाला नाही म्हणू? माझ्या इकाम्यावर सही कोणाची असते? तुझा बाप करता काय सही?" नूरुद्दीन खाडीवर आला होता.

"मगे डुकर म्हणान सांग. आपणहून हयच ऱ्हवात."

"सही झाल्यावर सांगू? फसवून रजा घेतली म्हणेल. दोघांची रद्द होईल. त्यापेक्षा घाबरवू या. एकदा घाबरला की आपोआप घरी बसेल."

रविवारपासून घाबरवण्याचं काम सुरू झालं. नूरुद्दीनने फुरशाचं वर्णन केलं, चावलं तर माणूस कसा सुजतो ते हाताने दाखवलं. अबू यूसुफने संध्याकाळी गुडघ्यापर्यंतचे बूट विकत आणले, स्वतःला एक आणि यांना एकेक. सोमवारी जळवा सांगितल्या. त्याने मिठाच्या पिशव्या मागवल्या. संडास घरापासून शंभर पावलांवर आहे असं सांगितलं, तर तो म्हणाला वाळवंटात हजार पावलं असतो, आणि तोही नसतो. जसजसं ऐकत होता तसतसा तो खुलत होता. गेल्या कित्येक वर्षांत अशी चांगली शिकार कोणी सांगितलीच नव्हती, असं त्याने अकाउंटंटला बोलूनही दाखवलं.

"परदेशी माणसाच्या हातात बंदूक देता येत नाही," बुधवारी नूरुद्दीनने शेवटचा हुकमी पत्ता टाकला. "तुम्हाला बार काढता येणार नाही."

"मग बाकीचे काय करतात?"

"ओरडतात. तेलाचे डबे वाजवतात."

"मी डबा वाजवीन."

आणि शनिवारी दुपारी वर्कशॉपमध्ये असा काही धडधडाट झाला की कॉम्प्रेसर फुटला म्हणून सगळे टेक्निशियन हातातलं टाकून बाहेर पळाले. बाहेर अबू यूसुफ पांढऱ्याशुभ्र झग्यात उभा राहून तुपाच्या रिकाम्या डब्यावर पाना बडवत होता. त्याने जगन्नाथाला विचारलं, "आवाज जेन?" जगन्नाथ काय म्हणणार? आवाज खरोखरच चांगला होता.

इथवर ठीक होतं. पण मंगळवारी अबू यूसुफच्या गाडीतून एक कूलर उतरला. माणूस आडवा झोपेल एवढा मोठा, चाकांचा, बर्फ भरायचा. पाठोपाठ बातमी आली, की परत आल्यावरच्या पहिल्या गुरुवारी सलवाला त्याच्या घरी तीस माणसांचं जेवण ठरलंय आणि भातावर काय वाढायचं ते कूलरमधून येणार आहे.

त्या रात्री नूरुद्दीन जेवला नाही.

"जगन, माझं ऐक. मी रजा परत करतो."

"आणि शेत?"

"शेत, शेत. अरे तीस माणसं. तीसच्या तीस नमाजी. माझ्या हातून त्यांच्या ताटात काय पडणार आहे? वर गेल्यावर मला विचारतील तेव्हा काय सांगू, अर्जात जागा दीडच ओळ होती म्हणून?"

जगन्नाथाला पहिल्यांदाच खरं वाईट वाटलं. डुकराच्या नादात आपण या माणसाला कुठे आणून ठेवलं, असं त्याच्या मनात आलं. नर्मदेचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता, पण तो उठला आणि त्याने स्वतःचे आणि नूरुद्दीनचे बूट दारात मांडले.

"चल. आताच सांगूया. रजा गेली तर गेली."

सलवाच्या घरी दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, अबू यूसुफ एकटाच चहा पीत बसला होता. दोघांना पाहून त्याला आनंद झाला. खजूर आले, कॉफी आली, मग पुन्हा चहा आला. नूरुद्दीनने हवेविषयी बोलून घेतलं, विमानाविषयी बोलून घेतलं. पाऊण तास झाला. जगन्नाथ त्याला कोपराने ढोसत होता.

"तू सांग," नूरुद्दीन पुटपुटला.

"भाषा तुका येता."

"जनावर तुझ्या शेतातलं आहे."

शेवटी नूरुद्दीनने डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. डुक्कर, वाटे, अर्ज, दात, जळवा, सगळं. बोलून झाल्यावरही त्याने डोळे उघडले नाहीत. जगन्नाथाला शब्द कळत नव्हते, पण ते एक नाव कानावर पडलेलं कळलं, आणि तोही खाली मान घालून बसला.

अबू यूसुफने चहाचा पेला खाली ठेवला.

"नूरुद्दीन, मी तीस वर्षं शिकार करतोय. रात्री येतं, जाडं आहे, बाहेर दोन दात आहेत, सरळ पळतं. आणि हा तुझा मित्र, त्याने कुंपणाखाली भोक काढलंय आणि उकरलेली जमीन दाखवलीय. हरीण जमीन उकरतं? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही सांगता कधी, एवढंच बघत होतो. दहा दिवस लावलेत."

नूरुद्दीनने एक डोळा उघडला. "आणि तो कूलर?"

"कोळंबीसाठी. तुमच्या खाडीत वीतभर लांबीची कोळंबी मिळते असं मागच्या वर्षी तूच म्हणाला होतास." मग तो गंभीर झाला. "खायचं नाही हे खरं. पण एक बाई एकटी शेत करते आणि ते जनावर तिचा घास तुडवतं. त्याला हाकलायला जाणं काही वाईट काम नाही."

नूरुद्दीनने ते जगन्नाथाला मराठीत सांगितलं. जगन्नाथाने उठून अबू यूसुफचा हातच धरला. तिघांनी आणखी एक चहा घेतला. सगळं असं गोड जमून आलं होतं, आणि दोघे निघायला उठले तेव्हा अबू यूसुफने जगन्नाथाला हाताने खाली बसवलं.

"एक मुश्किल है. हम तीन आदमी जाता. ऑफिस में कौन?"

डुकराच्या भानगडीत ही साधी गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नव्हती. मालक ऑफिसात असेल तरच दोघांना रजा, हा कंपनीचा नियम, आणि मालकच तर निघाला होता. जगन्नाथाने सावकाश हिशेब केला. बंदूक नूरुद्दीनची, तेव्हा तो हवाच. अरबी-मराठी करायलाही तोच हवा. डबा वाजवणाऱ्याने तर बूटही घेतले होते.

"तुम अच्छा आदमी. चुप आदमी," अबू यूसुफ प्रेमाने म्हणाला. "तुम मुदीर. दो हफ्ता. सही तुम्हारा, शिक्का तुम्हारा, सब पावर तुम्हारा."

कंपनीत अशी बढती आजवर कोणाला मिळाली नव्हती. दुसऱ्याच दिवशी नूरुद्दीनने मंत्रालयाच्या खिडकीपुढे उभं राहून सहीच्या अधिकाराचा कागद पक्का करून आणला. तो जगन्नाथाच्या हातात देताना त्याने मान वर केली नाही.

"मी डुकराक बघून घेतंय, जगन," तो म्हणाला. यावेळी तो रागावलेला नव्हता.

अशा रीतीने ज्याचं शेत, ज्याचा आराखडा आणि ज्याची बायको, तो जगन्नाथ घाडी सोडून बाकी सगळे पुढच्या आठवड्यात शिकारीला गेले. जगन्नाथ अबू यूसुफच्या फिरत्या खुर्चीत बसला. टेक्निशियन त्याला मुदीर म्हणायला लागले, आधी थट्टेने आणि मग सवयीने. त्याने चार जणांच्या रजा मंजूर केल्या, एका शाळेचा बंद पडलेला प्लान्ट फोनवरून सुरू करून दिला, आणि दर तासाला घड्याळ बघून आता हाका कुठवर आला असेल याचा अंदाज बांधला. त्या गुरुवारपर्यंत गावाहून काही कळलं नाही. शुक्रवारी सकाळी त्याने घरी फोन लावला.

"बोला, बेगीन बोला," नर्मदा म्हणाली. "पावण्याक घावणे घालतंय."

"डुकर?"

"मारल्यानी. बुधवारी उजाडताना. तुमच्या शेठान डबो असो वाजवल्यान, असो वाजवल्यान, वाडीतली पोरा अजून ताच करतत. डुकर थेट नूरभावजींच्या माळ्याखाली. एकाच बारात आडवो."

"माझ्या बाणांच्या वाटेन इलो मा?"

"खयचे बाण?"

"जावंदे. वाटे कशे झाले?"

"शेठाचो एक नि बंदुकीचे दोन, तीनव आमच्याच घराक दिल्यानी. अख्खी वाडी हय जेवली."

"मगे आता बरा वाटला मा तुका? शेत रवला मा?"

पलीकडे तव्यावर घावण टाकल्याचा आवाज आला.

"शेत रवला," नर्मदा म्हणाली. "पण माका डुकर हाकवूक येय नाय, असा वाटला तुमका? थाळो बडवलो की पळता तो. तीन वर्सां मी डुकर डुकर करतंय, ता तुमी कापणीक घराक येवचात म्हणान. नुसता येवा म्हटला तर तुमी येणास नाय, काम सांगतास. डुकराच्या निमतान तरी येशात, असा वाटलेला. तर तुमी शेठाक धाडल्यात."

जगन्नाथ रिसीव्हर कानाला लावून उभा राहिला. नऊ कापण्या आपण बघितल्या नाहीत, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

"आता डुकरव नाय," ती म्हणाली. "आता काय सांगान बोलवू? वांदर इलेत म्हणान सांगा हापिसात. माडार चढतत, नारळ पाडतत, असा सांगा आणि येवा."

"सांगतंय," जगन्नाथ म्हणाला. "आजच सांगतंय."

पण कोणाला सांगणार? ज्याला सांगायचं तो तिथे पडवीत बसून घावण्यांची वाट पाहत होता, आणि त्याच्या शेजारी बसलेला नूरुद्दीन कामाचा भाग म्हणून पडवीपर्यंत ऐकू आलेलं शेवटचं वांदरांचं तेवढं भाषांतर करून देत होता. फोनमध्ये खरखर झाली आणि अबू यूसुफचा आनंदी आवाज आला.

"जगन्नाथ, मदाम बोलता बंदर आया. तुम टेन्शन नहीं. मैं और नूरुद्दीन एक हफ्ता ज्यादा रुकता. डबा है." आणि फोनचं कार्ड संपलं.

शनिवारी सकाळी जगन्नाथ ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचला. त्याने कपाटातून रजेचा अर्ज काढला, टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत बसून तो नीट भरला आणि टेबलावर ठेवला. मग उठून पलीकडे गेला, फिरत्या खुर्चीत बसला आणि अर्ज वाचायला घेतला. अर्जदार नऊ वर्षं कामाला होता. कामाबद्दल तक्रार नव्हती. ऐन मोसमात एकदाही घरी गेलेला नव्हता. काकांच्या बाबतीत थोडी गडबड होती, पण तिच्याकडे काणाडोळा करण्यासारखा होता. जगन्नाथाने सही केली आणि गावाला फोन लावला. नूरुद्दीनने तो अबू यूसुफकडे दिला.

"सर, एक आदमी का छुट्टी पास किया. अब ऑफिस में कोई नहीं. आपको मंगलवार तक आना पड़ेगा."

"कौन आदमी?"

"जगन्नाथ."

पलीकडे वाडीतल्या पोरांनी कुठेतरी डबा बडवायला सुरुवात केली होती, तेवढा ऐकू येत होता.

"ये जगन्नाथ," अबू यूसुफने शेवटी विचारलं, "काम कैसा?"

"अच्छा है, सर."

"छुट्टी कितना दिया?"

"पंधरा दिन."

"कम है. एक महीना लिखो. मैं आता." आणि मग त्याचा आवाज जरा लांब गेला. "मदाम, लो. तुम्हारा मुदीर."

नर्मदेने फोन घेतला. तिला यातलं काहीच कळलेलं नव्हतं.

"काय म्हणतत शेठ?"

"येतंय मी. कापणीक. महिनोभर."

"खरा? रजा कोणी दिल्यान?"

"मीच," जगन्नाथ म्हणाला. "आता सही माझीच चलता."

"मगे इतकी वर्सां," नर्मदेने विचारलं, "कोण देय नाय होतो?"